तारवातून रानाकडे

(शास्त्रभाग : मार्क ६:३०-४६)



प्रभू येशूच्या चरित्रात एक सहल आहे. आपण ती सहल म्हणून सहसा वाचत नाही. कारण त्या दिवशी घडलेल्या महान चमत्काराने आपले सारे लक्ष वेधून घेतले आहे. पाच भाकरी व दोन मासे, पाच हजार पुरुषांचा समुदाय आणि उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या एवढे आपल्या स्मरणात राहते. परंतु त्या दिवसाचा आरंभ चमत्काराने झालेला नाही. दमून आलेल्या बारा मित्रांना त्यांच्या गुरूने आपल्याबरोबर एकांतात येण्याचे निमंत्रण दिले आणि ते सर्व एका तारवात बसून वस्तीपासून दूरच्या जागी निघाले, असा त्याचा आरंभ आहे. मित्रमंडळी, होडी, पाणी, पलीकडचा निर्जन किनारा आणि गवतावर बसून घेतलेले जेवण, हे सारे त्या दिवसात आहे.

आज आपली कित्येक कुटुंबे सुटीत अशाच सहलींना निघतात. तंबू, शिधा आणि चार भांडी बरोबर घेऊन कोणी भंडारदऱ्याच्या काठी मुक्काम करतात, कोणी तारकर्लीच्या खाडीत होडीतून फिरतात. मंडळ्यांच्या तरुणसंघांची शिबिरेही आता पाण्याकाठी व रानात भरू लागली आहेत. यात देवाचे गौरव होते काय? की हा केवळ जिवाची चैन करण्याचा एक प्रकार आहे? जुन्या पिढीतील भाविकांच्या मनात असा संशय असे, आणि तो अगदीच निराधार होता असे म्हणता येणार नाही. म्हणून या प्रश्नाचा शास्त्राच्या प्रकाशात विचार करावा, आणि त्यासाठी आपण मनाने चेन्नईच्या किनाऱ्यावर जावे, अशी माझी विनंती आहे.

चेन्नई आपणांस परकी नाही. वेल्लोरच्या ख्रिस्ती रुग्णालयात उपचारासाठी जाणारे आपले आप्त त्याच शहरातून पुढे जातात. वेलांकणीच्या यात्रेला निघालेले वसईकर तेथेच गाडी बदलतात. प्रेषित थोमा याच शहरात रक्तसाक्षी झाला, अशी तेथील ख्रिस्ती लोकांची प्राचीन परंपरा सांगते. अशा या शहराला पाण्याने चहूकडून वेढले आहे. पूर्वेस बंगालचा उपसागर, शहरातून वाहणाऱ्या कूवम व अड्यार या नद्या, किनाऱ्याला समांतर जाणारा बकिंगहॅम कालवा, दक्षिणेस मुट्टुकाडूची खाडी आणि उत्तरेस सुमारे ५५ किलोमीटरवर पुलिकतचे विस्तीर्ण खारे सरोवर. चिल्का सरोवरानंतर आपल्या देशातील सर्वांत मोठे खारे सरोवर ते हेच. हिवाळ्यात तेथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. डच लोकांनी १६१३ साली बांधलेल्या किल्ल्याची जागा आणि त्यांची जुनी दफनभूमी तेथे आहे. शहरातील माणूस श्रमला की त्याला या पाण्याची ओढ लागते, हे स्वाभाविक आहे. या पाण्यावरून पाच धडे घेऊ.

१. विसावा ही देवाची नेमणूक आहे

शिष्य प्रभूकडे परत आले तेव्हा त्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते. त्यांनी गावोगाव जाऊन उपदेश केला होता, रोगी बरे केले होते. परंतु त्याच सुमारास बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा वधही झाला होता. म्हणजे त्या बारा जणांच्या अंगात श्रमाचा थकवा होता आणि मनात दुःखाचा भार होता. लोकांची येजा एवढी होती की त्यांना जेवायलाही सवड मिळेना, असे मार्क नमूद करतो. अशा वेळी प्रभूने त्यांना आणखी एक काम सांगितले नाही. त्याने त्यांना विसाव्यासाठी बोलावले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. प्रभूने त्यांना केवळ जाण्यास सांगितले नाही, तो स्वतः त्यांच्याबरोबर गेला. एकांत आणि प्रभूपासून दुरावा या दोन भिन्न गोष्टी आहेत. सुटीत उपासना नाही, प्रार्थना नाही, शास्त्रवाचन नाही, कारण आपण सुटीवर आहोत, असे मानणारे कुटुंब विसाव्याला जाते खरे, पण विसावा देणाऱ्याला घरी कुलूप लावून ठेवून जाते.

जुन्या करारातही देवाने आपल्या लोकांना रानातील मुक्काम नेमून दिला होता. लेवीयाच्या तेविसाव्या अध्यायात मंडपांच्या सणाचा विधी आहे. इस्राएल लोकांनी वर्षातून सात दिवस पक्की घरे सोडून डहाळ्यांच्या मांडवात राहावे, अशी आज्ञा होती. हेतू हा की, आपले पूर्वज अरण्यात तंबूत राहिले आणि परमेश्वराने त्यांना तेथे सांभाळले, हे पुढच्या पिढ्यांना कळावे. लेकरांना देवाची करुणा शिकवण्यासाठी नुसते शब्द पुरत नाहीत. त्यांना एक रात्र डहाळ्यांखाली काढू द्यावी, पावसाची सर झेलू द्यावी, चांदणे पाहू द्यावे. मग बापाने सांगितलेली गोष्ट त्यांच्या मनात रुजते. कुटुंबाचा रानातील मुक्काम हे देवाने स्वतः योजिलेले शाळागृह आहे.

पण त्या सणाला एक अटही होती. अनुवादाचा सोळावा अध्याय वाचा. त्या आनंदात मुलगा व मुलगी यांच्याबरोबर दास व दासी, लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनाही वाटेकरी करावे, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे देवाच्या मांडवात केवळ आपल्याच घरचे लोक बसत नाहीत. वाचकहो, आपल्या पुढच्या सहलीची यादी करताना या वचनाची आठवण ठेवाल काय? मंडळीतील एखादी एकाकी विधवा, शिक्षणासाठी परगावाहून आलेला एखादा विद्यार्थी, आईबापांविना वाढणारे एखादे लेकरू, यांच्यासाठी त्या होडीत एक जागा राखून ठेवता येणार नाही काय?

२. बांधलेली लाकडे

चेन्नईच्या कोळ्यांचे परंपरागत जलवाहन म्हणजे कट्टुमरम. तमिळ भाषेत कट्टु म्हणजे बांधणे आणि मरम म्हणजे लाकूड किंवा झाड. बांधलेली लाकडे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. हाच शब्द पुढे इंग्रजीत कॅटॅमरन झाला आणि जगभर गेला. हलक्या लाकडाचे काही ओंडके शेजारी शेजारी ठेवून दोराने घट्ट आवळायचे, की झाले कट्टुमरम. समुद्रावरून परत आल्यावर दोर सोडून लाकडे वाळूत सुकत ठेवायची आणि पुन्हा निघताना ती पुन्हा बांधायची, अशी रीत होती. आता बहुतेक किनाऱ्यावर फायबरच्या यांत्रिक होड्या आल्या आहेत आणि कट्टुमरम क्वचित दिसते. तरी त्याची शिकवण जुनी झालेली नाही.

त्यातले एकेकटे लाकूड समुद्रात टाकले तर ते लाटेबरोबर कुठेही वाहत जाईल. ते बुडणार नाही, पण कोणाला पैलतीरी नेणारही नाही. दोराने बांधले की त्याच लाकडांवर माणूस उभा राहतो, जाळे टाकतो आणि आपल्या लेकरांसाठी घास घेऊन परततो. लाकडे तीच असतात, फरक दोराने पडतो. पौलाने कलस्सैकरांस लिहिताना प्रीतीला अशाच एकत्र आणणाऱ्या बंधनाचे स्थान दिले आहे (कलस्सै ३:१४).

आपली घरे पाहा. एकाच छपराखाली चार माणसे असतात, पण बाप कामाच्या चिंतेत, आई घरकामाच्या रगाड्यात, मुलगा मोबाईलच्या पडद्यात आणि मुलगी परीक्षेच्या धास्तीत. चार लाकडे चार दिशांना वाहत असतात. घर बुडालेले नाही म्हणून आपण निश्चिंत राहतो, परंतु ते कोठे निघाले आहे हे कोणी विचारीत नाही. म्हणून अधूनमधून कुटुंबाने एका होडीत बसणे हिताचे आहे. होडीत कोणाला स्वतंत्र खोली नसते. एकाने वल्हे मारताना दुसऱ्याला आपला तोल सांभाळावा लागतो. एक उठून उभा राहिला तर सर्वांना जपावे लागते. किनाऱ्यावर उतरल्यावर कोणी काटक्या गोळा करावयाच्या, कोणी पाणी आणावयाचे, कोणी चूल पेटवावयाची. ज्या मुलाने घरी कधी स्वतःचे ताट उचलले नाही, तो तेथे सर्वांची ताटे घासतो. हे काम करताकरता जे बोलणे होते, ते घरच्या दिवाणखान्यात वर्षानुवर्षे झालेले नसते.

कट्टुमरमाचा आणखी एक गुण आहे. त्याच्या लाकडांमध्ये फटी असतात. लाट आली की पाणी त्यांतून वर येते आणि त्यांतूनच निघून जाते, साठून राहत नाही. म्हणून ते सहसा बुडत नाही. ख्रिस्ती कुटुंबात दुःख शिरणारच नाही, असे अभिवचन प्रभूने कोठेही दिलेले नाही. शिष्यांच्या मनात योहानाच्या मृत्यूचे दुःख होतेच. पण जेथे प्रीतीने एकमेकांना बांधलेले असते आणि मन मोकळे करावयास वाट असते, तेथे आलेले पाणी वाहून जाते. राग पोटात ठेवून वर्षानुवर्षे न बोलणारे भाऊ, सासूने बोललेला एक शब्द मरेपर्यंत जपून ठेवणारी सून, ही पाणी साठलेल्या होडीची लक्षणे आहेत. आपल्या घरात असे साठलेले पाणी असेल तर सहलीची वाट पाहू नका. आजच सूर्यास्तापूर्वी त्याला वाट करून द्या.

३. विश्वास म्हणजे बेफिकिरी नव्हे

आता मला एक दुःखद गोष्ट सांगणे प्राप्त आहे. २५ डिसेंबर २०११ रोजी, नाताळाच्याच दिवशी, पुलिकत सरोवरात सहलीस निघालेल्या कुटुंबांची होडी उलटली आणि २२ जणांचा बुडून अंत झाला. त्यांत लहान मुलेही होती. होडीत प्रमाणापेक्षा अधिक माणसे बसली होती आणि जीवरक्षक जाकिटे नव्हती, असे त्या वेळच्या बातम्यांत आले. ज्या दिवशी सारे जग बाळ येशूच्या जन्माचा आनंद करीत होते, त्या दिवशी त्या घरांत आकांत झाला.

मृतांचा न्याय करण्याचा अधिकार आपणांस नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांहून अधिक पापी होते असे समजू नका, असेच प्रभूने ऐकणाऱ्यांस बजावले (लूक १३:४). पण त्याच बोधात त्याने जिवंतांना जागे होण्यास सांगितले, हेही विसरता येत नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या तोंडी एक वाक्य असते की, प्रार्थना करून निघालो आहोत, प्रभू सांभाळील. बंधूंनो, हे वाक्य विश्वासाचे असू शकते, तसेच ते आळसाचेही असू शकते. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सैतानाने सुचविले तेव्हा प्रभूने त्याला देवाची परीक्षा पाहणे म्हटले आणि ते नाकारले (मत्तय ४:५-७). जेथे एक साधे जाकीट घालता येते तेथे ते न घालता देवाने झेलावे अशी अपेक्षा करणे, ही उडीच नव्हे काय?

प्रेषितांची कृत्ये, अध्याय सत्तावीस, हा अध्याय प्रत्येक शिबिरप्रमुखाने सहलीपूर्वी वाचावा असा आहे. ऋतू प्रतिकूल झाला आहे, पुढे जाऊ नका, असा सल्ला पौलाने दिला. शताधिपतीने मात्र तांडेलाचे व तारवाच्या मालकाचे ऐकले. पुढे वादळात तारू सापडले. त्या तारवात २७६ माणसे होती. देवाच्या दूताने पौलाला सर्वांच्या जिवाचे अभिवचन दिले होते, हे खरे. तरीही पौल स्वस्थ बसला नाही. खलाशी होडी सोडून पळू पाहत होते तेव्हा त्याने ते शताधिपतीच्या ध्यानी आणून दिले. उपाशी माणसांना त्याने अन्न घ्यावयास लावले. शेवटी ज्यांना पोहता येत होते ते आधी उतरले आणि बाकीचे फळ्यांच्या व तारवाच्या तुकड्यांच्या आधाराने किनाऱ्यास लागले. अभिवचन देवाचे होते, फळी मात्र माणसाने हाताने धरावयाची होती. अभिवचनावर विसंबणाऱ्याने फळी धरणे हा अविश्वास नव्हे.

म्हणून मंडळीच्या पुढाऱ्यांना आणि कुटुंबप्रमुखांना मी कळकळीने सांगतो. होडीत किती माणसे बसावीत हे आपल्या उत्साहाने ठरवू नका. जितकी माणसे तितकी जाकिटे नसतील तर किनाऱ्यावरच भजन करून परत या, त्यात लाज नाही. पाणी शांत दिसते म्हणून त्यावर विसंबू नका. चेन्नईकडे ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत ईशान्य मोसमी पाऊस व वादळे येतात, आपल्या कोकणात जूनपासून. त्या त्या ठिकाणच्या ऋतूची माहिती करून घ्या. स्थानिक नावाडी नको म्हणाला तर अधिक पैसे देऊन त्याचे मन वळवू नका. काळोखापूर्वी मुक्कामावर पोहोचा. आणि जेथे मद्य आहे तेथे आपली मुले पाण्यावर नेऊ नका. दुसऱ्याचे लेकरू आपल्या होडीत घेतले की त्याच्या आईची झोपही आपण बरोबर घेतलेली असते. तिचा हिशेब देवापुढे द्यावा लागेल.

४. रान रिकामे नसते

प्रभू आणि शिष्य एकांतासाठी पलीकडे गेले, पण तेथे एकांत मिळाला नाही. गावोगावचे लोक पायी धावत त्यांच्या आधी तेथे पोहोचले होते. आपण असतो तर काय केले असते? दूरवर येऊनही गर्दी भेटली म्हणून आपण चिडलो असतो. शिष्यांनीही संध्याकाळ होताच लोकांना पाठवून देण्याची सूचना केली. प्रभूला मात्र त्या लोकांकडे पाहून कळवळा आला, कारण त्यांना सांभाळणारा कोणी नव्हता. सहल मोडली, पण करुणा मोडली नाही.

पुलिकतला तमिळ लोक पळवेर्काडु म्हणतात. त्या नावातील काडु या शब्दाचा अर्थ रान. पण त्या रानात माणसे राहतात. सरोवराच्या काठाकाठाने कोळ्यांची गावे आहेत. इरुळर जमातीची गरीब कुटुंबे तेथे मासे व कोळंबी पकडून पोट भरतात. आपण ज्याला निर्जन म्हणतो ते कोणाचे तरी अंगण असते, आणि आपली मौज ज्या पाण्यावर चालते त्या पाण्यात कोणाची तरी चूल भिजत असते. नावाड्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करणारा आणि रात्री शेकोटीजवळ दातृत्वावर साक्ष देणारा ख्रिस्ती मनुष्य त्या नावाड्याच्या दृष्टीने कसा दिसत असेल, याचा विचार करा.

बकिंगहॅम कालव्याचा इतिहासही हेच सांगतो. १८०१ साली मद्रास ते एन्नोर या टप्प्याने त्याला आरंभ झाला. पुढे तो वाढत जाऊन सुमारे ४२० किलोमीटरचा झाला. तांदूळ, मीठ, सरपण आणि माणसे त्यावरून होड्यांनी जात. पण शहरातील अड्यार व कूवम या नद्यांना जोडणारा भाग खणला गेला तो १८७६-७८ च्या भयंकर दुष्काळात, दुष्काळी काम म्हणून. ज्यांच्या पोटात अन्न नव्हते त्यांच्या हातांनी ती माती उपसली. कालव्याला नाव मात्र गव्हर्नरसाहेबांचे मिळाले. पुढे २००४ साली २६ डिसेंबरला सुनामीची लाट आली तेव्हा या कालव्याने समुद्राचे पुष्कळ पाणी आपल्या पोटात सामावून घेतले आणि कित्येकांचे प्राण वाचले. उपाशी माणसांच्या श्रमाने सव्वाशे वर्षांनंतरच्या लेकरांना सावरले. आज शहरातील तोच कालवा सांडपाण्याने व कचऱ्याने भरला आहे, ही आपणा सर्वांची लाज आहे.

अरण्यातील वास ज्यांना सुटी म्हणून लाभला नाही, अशा एका कुटुंबाची आठवण मराठी ख्रिस्ती माणसाने विसरू नये. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे आईवडील लेकरांना घेऊन वर्षानुवर्षे तीर्थोतीर्थी पायी फिरले. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात ते कुटुंब रानात पानपाल्यावर दिवस काढू लागले, आणि त्यातच रमाबाईंचे वडील व आई आणि पुढे बहीणही निवर्तली. ज्या मुलीने रानातील भूक सोसली, तिनेच पुढे ख्रिस्ताचा कळवळा ओळखला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन तिने उपाशी मुलींना व स्त्रियांना शेकडोंनी आपल्या पदराखाली घेतले आणि केडगावी मुक्तिसदन उभे केले. त्या रानाने तिला कडवट केले नाही. दुसऱ्यांची भूक ओळखण्याची दृष्टी तिला तेथेच मिळाली.

म्हणून सहलीस जाताना केवळ डोळ्यांचे पारणे फेडण्याच्या हेतूने जाऊ नका. जेथे उतराल तेथील माणसांशी बोला, त्यांची नावे विचारा, त्यांच्यासाठी प्रार्थना करा, त्यांच्या श्रमाचे दाम पुरे द्या. आणि निघताना प्रभूचे अनुकरण करा. हजारोंचे जेवण झाल्यावर त्याने उरलेले तुकडे गोळा करावयास लावले, काही वाया जाऊ दिले नाही, असे योहान सांगतो (योहान ६:१२). ज्याला शून्यातून भाकर निर्माण करता येते त्यानेही पंगत उठल्यावर ते गवत तसेच सोडले नाही. मग आपण आपल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या देवाच्या किनाऱ्यावर टाकून येण्याचा अधिकार कोठून मिळविला?

५. परतीचे तारू

भोजन झाले, आणि प्रभूने शिष्यांना लगेच तारवात बसावयास लावले. तो स्वतः प्रार्थनेसाठी डोंगरावर गेला. परतीच्या वाटेवर वारा समोरचा होता आणि त्यांना रात्रभर वल्ही मारावी लागली. विसाव्याचा शेवट असा असतो. रानातून परत शहरातच यावयाचे असते, आणि शहरातील वारा बहुधा समोरचाच असतो. विसावा घेतला की काम सोपे होते असे नाही. काम करणाऱ्याला मात्र बळ मिळते. आणि डोंगरावरून आपल्याकडे पाहणारा कोणी आहे, हे त्याला ठाऊक असते. शिष्य कष्टी झालेले प्रभूला दिसले आणि पहाट होण्यापूर्वी तो पाण्यावरून त्यांच्याकडे आला.

२०१५ च्या डिसेंबरात चेन्नईने होडीचा खरा उपयोग पाहिला. १ डिसेंबरला एका दिवसात तांबरम येथे सुमारे ४९० मिलिमीटर पाऊस कोसळला. अड्यारला महापूर आला. कोट्टुरपुरम, वेलचेरी, मुडिचूर अशा वस्त्यांतून लोक घरांच्या वरच्या मजल्यांवर अडकून पडले. तेव्हा किनाऱ्यावरचे कोळी आपल्या होड्या घेऊन शहरात शिरले. समुद्रावर चालणाऱ्या होड्या रस्त्यांवरून चालल्या आणि त्यांतून वृद्ध, आजारी व बाळे बाहेर काढली गेली. अकरा वर्षांपूर्वी सुनामीत याच कोळीवाड्यांनी आपली माणसे गमावली होती. ज्या शहराने त्यांना किनाऱ्याच्या एका कडेला ठेवले होते, त्याच शहराच्या दारात ते न बोलावता उभे राहिले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळातील कोळ्यांनीही हेच केले, आणि त्यांत आपले ख्रिस्ती बांधव मोठ्या संख्येने होते.

वाचकहो, आपण होडी चालवावयास कशासाठी शिकतो? आपली मुले तंबू ठोकावयास, पोहावयास, अंधारात न भिता वाट काढावयास, चार माणसांचे जेवण रांधावयास शिकतात, ती कशासाठी? सहलीतील छायाचित्रे कपाटात ठेवण्यासाठी नव्हे. उद्या कोणाच्या दारी पाणी चढले तर आपल्या तरुणसंघातील मुलांना दोर कसा बांधावा हे ठाऊक असावे, आणि बांधावा असे त्यांना वाटावे, यासाठी. हे दुसरे पहिल्यापेक्षा अवघड आहे. हाताला कौशल्य शिबिरात मिळते, हृदयाला कळवळा प्रभूच्या सहवासात मिळतो.

पुनरुत्थानानंतर प्रभूने आणखी एकदा पाण्याकाठी आपल्या मित्रांसाठी जेवण सिद्ध केले. रात्रभर जाळे टाकूनही ज्यांना काही मिळाले नव्हते ते सात जण किनाऱ्यास लागले तेव्हा तेथे विस्तव पेटलेला होता, त्यावर मासळी होती आणि भाकर होती. मृत्यूवर जय मिळवलेल्या प्रभूने आपल्या हातांनी न्याहारी केली. त्या सात जणांत थोमा होता, असे योहानाने नावानिशी सांगितले आहे (योहान २१:२). त्याच थोमाने पुढे आपल्या देशाचा किनारा गाठला आणि मैलापूरच्या परिसरात आपले रक्त सांडले, अशी परंपरा आहे. गालीलाच्या किनाऱ्यावरील त्या न्याहारीनंतर तो तेथेच विस्तवाजवळ शेकत बसला असता, तर आपल्या देशाच्या किनाऱ्यावर त्याचे नाव कोणी घेतले नसते. तो जेवला, उठला आणि निघाला.

आपल्या सर्व सहलींचा शेवट असाच व्हावा. देवाच्या मांडवात आपण आनंद करावा, आपली घरे प्रीतीच्या दोराने बांधावीत, देवाने दिलेला जीव जपावा, किनाऱ्यावरील माणसांस ओळखावे, आणि मग परतीच्या तारवात बसावे.

प्रार्थना : हे प्रभू येशू ख्रिस्ता, थकलेल्यांना तू आपल्याबरोबर एकांतात बोलावतोस म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या कुटुंबांना एकत्र बसण्याची सवड दे आणि जे एकाकी आहेत त्यांना आमच्यात जागा करून देण्याची बुद्धी दे. जे पाण्यावर आपले पोट भरतात त्यांचे रक्षण कर. पाण्याने ज्यांची माणसे हिरावली त्यांचे सांत्वन कर. तुझ्या नावाने बेफिकीर होण्यापासून आम्हांला राख. आम्हांला विसावा दे, आणि विसाव्यानंतर तू पाठवशील तेथे जाण्यास सिद्ध कर. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.